दुखण्याच्या दोन गोळ्या एकत्र घेण्याआधी : बोटीवरच्या औषधांच्या डब्याबद्दल थोडं



१ जूनला लागलेली मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. जेटीवर आता रंगकाम, इंजिनाचं काम, जाळ्यांची शिवण, बर्फ आणि डिझेलची बोलणी असं सगळं एकदम चालू आहे. लाईफ जॅकेट, व्हीएचएफ, परवाना, विमा याबद्दल आपण या पानावर दरवर्षी लिहितो. यंदा केबिनमध्ये खिळ्याला टांगलेल्या किंवा बाकाखाली सरकवलेल्या एका डब्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे. तो म्हणजे औषधांचा डबा.

आपल्या बोटीवरचा डबा एकदा उघडून बघा. कात्रीने कापलेल्या अर्ध्या पट्ट्या, नाव गेलेलं, तारीख गेलेली. एका कागदी पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. काही डॉक्टरने दिलेल्या, काही फार्मसीत जाऊन "अंगदुखीवर काहीतरी द्या" म्हणून आणलेल्या, काही गेल्या मोसमात काम सोडून गेलेल्या खलाशाच्या. दर्यावर कंबर धरली की त्यातली एक गोळी. दोन तासांत उतार पडला नाही की शेजारच्याने दिलेली दुसरी. रात्री पुन्हा जाळं ओढायचं म्हणून तिसरी. प्रत्येक गोळी वेगळ्या हाताने दिलेली, त्यामुळे आधी काय घेतलं हे कुणाच्याच डोक्यात नसतं.

दुखण्यावरची गोळी वाईट नाही. खांदे, कंबर, गुडघे यावरच आपला धंदा चालतो, त्यामुळे ती लागणारच. प्रश्न येतो तो दोन-तीन प्रकार एकत्र झाले की. आम्ही काही डॉक्टर नाही. पण डॉक्टर आणि फार्मसिस्ट जे नेहमी सांगतात ते आपल्या कामाच्या भाषेत इथे मांडतो. ज्याला प्रेशर, शुगर, हृदय, किडनी, लिव्हर किंवा पोटाचा जुना आजार आहे त्याने आपल्या डॉक्टरला विचारूनच यातलं काहीही करावं.

एकच औषध, नावं मात्र दहा

पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव. खरं औषध त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, किती मिलिग्रॅम तेही तिथेच. आपण मोठं नाव वाचतो आणि बारीक सोडून देतो. तिथेच घोळ होतो.

क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही तीन नावं वेगळी, पण आत पॅरासिटामॉलच. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. झेरोडॉल-पीमध्ये ॲसेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. डोकेदुखीवरच्या सॅरिडॉनमध्येही पॅरासिटामॉल आहे. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि त्याच्याबरोबर झोप आणणारं औषधही असतं. या गोळ्या आपापल्या जागी चांगल्याच आहेत. पण "ती तापाची, ही सर्दीची, ही अंगदुखीची" असं म्हणून तिन्ही एका दिवसात घेतल्या, तर एकच औषध तीन दारांनी पोटात जातं.

डिझेलचा हिशोब करतो तसा याचाही हिशोब करून बघू. तब्येतीने धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत पॅरासिटामॉल जास्तीत जास्त ४,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम. आता एका खलाशाला सर्दी-ताप आहे आणि अंगही दुखतं आहे असं धरा.

सर्दीची गोळी, आत पॅरासिटामॉल ५००, दिवसातून तीनदा : १,५००
तापाची ६५० ची गोळी, दिवसातून तीनदा : १,९५०
अंगदुखीची जोडगोळी, आत ३२५, दिवसातून दोनदा : ६५०
बेरीज : ४,१०० मिलिग्रॅम

एकाही गोळीचा डोस चुकलेला नाही. तीनदा सांगितली ती तीनदाच घेतली, दोनदा सांगितली ती दोनदाच. तरी दिवसाची मर्यादा ओलांडली. बारीक अंगाचा, ५० किलोच्या खालचा, दोन दिवस नीट न जेवलेला किंवा रोज पिणारा माणूस असेल तर त्याची मर्यादा ४ ग्रॅमच्या बरीच खाली असते. रोज दारू घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, संपलं.

कारण असं आहे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो. लिव्हरकडे ते विष मारण्याचा साठा असतो. गोळ्या जास्त झाल्या, किंवा दारूने आणि उपाशी राहण्याने साठा आधीच कमी झालेला असेल, तर विष उरतं आणि लिव्हरलाच खातं. पहिल्या दिवशी फारसं काही कळत नाही. मळमळतं, भूक जाते, एवढंच. डोळे पिवळे व्हायला दोन-तीन दिवस लागतात. यावर उतारा देणारं औषध दवाखान्यात मिळतं, पण ते पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. म्हणून गोळ्या जास्त गेल्या असं लक्षात आलं की "काही होत नाही ना, बघू सकाळी" असं करायचं नाही. बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं.

सुजेवरच्या गोळ्या : एका वेळी एकच

दुसरी जात म्हणजे सूज आणि दुखणं दोन्ही उतरवणाऱ्या गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब, दातदुखीवर देतात ती केटोरोलॅक, आणि ॲस्पिरिन. ही सगळी एकाच घरची भावंडं. ही नावं एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

यातली कुठलीही दोन एकत्र घ्यायची नाहीत. सकाळी डायक्लोफेनॅक आणि दुपारी कॉम्बिफ्लाम, असं नको. दोन घेतल्याने दुखणं दुप्पट उतरत नाही. पोटाला आणि किडनीला होणारा त्रास मात्र वाढतो. या गोळ्या पोटाच्या आतलं संरक्षक अस्तर कमी करतात, म्हणून उपाशीपोटी घेतल्या की जळजळ होते आणि जास्त दिवस घेतल्या की आत जखम होऊन रक्त येऊ शकतं. कधी आधी जळजळही होत नाही, एकदम काळी शी होते. जळजळीवर पाचक गोळी किंवा गुलाबी औषध घेतलं तर जळजळ दबते, जखम व्हायची थांबत नाही. पोट सांभाळण्यासाठी डॉक्टर सकाळी उपाशीपोटी घ्यायची वेगळी गोळी देतात. ज्यांना आधी अल्सर झाला आहे किंवा वय साठच्या वर आहे त्यांनी ती विचारून घ्यावी.

इंजेक्शनही यातच धरायचं. जेटीवर उतरून दवाखान्यात कंबरेत सुई घेतली तर ती बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकची असते. "सुई कसली दिली?" हे विचारून घ्या, आणि त्या दिवशी वरून तीच गोळी घेऊ नका. चोळायचं जेल आणि स्प्रे यातून औषध अंगात कमी जातं, त्यामुळे एका खांद्याला किंवा गुडघ्याला लावायला ते बरं. पण जाळ्याच्या दोरीने सोललेल्या कातडीवर लावू नये.

मग एकत्र काय चालतं?

पॅरासिटामॉल आणि वरच्या भावंडांपैकी कुठलंही एक. धडधाकट माणसाला ही जोडी चालते, कारण दोन्हींचं काम वेगळ्या पद्धतीने होतं. डॉक्टर स्वतः ही जोडी लिहून देतात. लक्षात ठेवायला एकच ओळ :

पॅरासिटामॉल अधिक एक. त्या 'एक'चे दोन कधी करायचे नाहीत.

आधी नुसतं पॅरासिटामॉल घेऊन बघा. ५०० च्या एक किंवा दोन, किंवा ६५० ची एक. पुढचा डोस चार ते सहा तासांनी, आधी नाही. तेवढ्याने भागलं नाही तर जेवल्यावर आयब्युप्रोफेन ४००, दिवसातून जास्तीत जास्त तीन. पण घेतलेली गोळी आधीच जोडगोळी असेल, तर त्यातलं ३२५ पॅरासिटामॉल हिशोबात धरायचं. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आहेत. चिठ्ठी ज्याच्या नावाची, गोळी त्याचीच.

ताप तीन दिवसांत आणि दुखणं पाच दिवसांत कमी झालं नाही तर गोळी बदलत बसू नका, तपासून घ्या. डोकेदुखीवर महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी घेणाऱ्याला तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळी उतरली की डोकं धरतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र तोडायला डॉक्टरची मदत लागते.

प्रेशरची गोळी, दर्यावरचं ऊन आणि कंबरदुखी

हा भाग चाळिशी उलटलेल्या तांडेल आणि बोटमालकांनी दोनदा वाचावा.

आपल्यात कितीतरी जण प्रेशरची गोळी घेतात. त्यात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल अशी नावं असतात. काहींच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असतो, म्हणजे त्यात लघवी वाढवून प्रेशर कमी करणारं औषधही आहे. ही औषधं चांगली आहेत, ती स्वतःहून बंद करायची नाहीत. पण त्यांच्यावर सुजेची गोळी पडली की किडनी अडचणीत येते.

इंजिनाच्या थंड पाण्यावरून बघा. बाहेरून पाणी आत येतं, फिरतं आणि बाहेर जातं. पाण्याचा जोर नीट राहिला तरच इंजिन सांभाळलं जातं. किडनीतही रक्ताचा जोर राहिला तरच लघवी गाळली जाते. सुजेची गोळी आत येणारी वाट आवळते. टेल्मिसार्टनसारखी गोळी बाहेर जाणारी वाट सैल करते. लघवीची गोळी अंगातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकदम झाल्या की आतला जोर पडतो आणि किडनी गाळायचं काम थांबवते. त्यात ऑक्टोबरचं ऊन, दिवसभर घाम, पाण्याचे कॅन जपून वापरायचे म्हणून कमी प्यायलेलं पाणी किंवा बोट लागून झालेल्या उलट्या यांची भर पडली, तर दोन-तीन दिवसांतही किडनी बंद पडू शकते.

म्हणून प्रेशरची गोळी चालू असलेल्याने दर्यावर दुखण्यासाठी पॅरासिटामॉलच घ्यावं. शुगरमुळे किडनीवर आधीच ताण असेल त्यानेही तेच. आणि जुलाब-उलट्या चालू असताना सुजेची गोळी कुणीच घेऊ नये. आधी ओआरएस, मीठ घातलेली पेज, पाणी. दिवसभरात लघवी फार कमी झाली किंवा चहासारखी गडद झाली तर अंग पाणी मागतं आहे असं समजा.

हृदयासाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनीही जपावं. आयब्युप्रोफेन तिच्या आड येतं आणि रक्त पातळ ठेवायचं तिचं काम कमी होतं, शिवाय पोटातून रक्त यायचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर सुजेच्या गोळीला हातच लावू नये. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असं झालं तर ते जाळं ओढून भरलेलं अंग समजून गोळी-स्प्रेवर वेळ घालवू नका. बोट वळवा.

झोप आणणाऱ्या गोळ्या आणि विंच

कंबर लचकली की डॉक्टर आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी देतात. टिझॅनिडिन, क्लोरझोक्साझोन अशी नावं असतात. बऱ्याच वेळा ती सुजेच्या गोळीबरोबर एकाच पट्टीत असते. जास्त दुखण्यावर ट्रॅमाडॉलची गोळी असते, तीही पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत मिळते. या गोळ्यांनी झोप येते, उभं राहिलं की भोवळ येते, हात-पाय जड होतात. घरी खाटेवर पडायचं असेल तर ठीक. पण विंचवर उभ्या असलेल्या, रात्री सुकाणूवर बसलेल्या किंवा ओल्या डेकवर दोरीच्या वेटोळ्याजवळ काम करणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. अशी गोळी घेतलेल्याला त्या पाळीत काम देऊ नका.

ट्रॅमाडॉलची सवय लागते. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय कुणी देत असेल तर घेऊ नका. झोपेच्या गोळीबरोबर, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांबरोबर किंवा दारूबरोबर ते घेतलं तर श्वास मंदावू शकतो, फिट येऊ शकते. असा माणूस बंकवर "झोपला आहे" असं वाटतं. हलवून बघा, हाक मारा.

आणखी एक जोडी मुद्दाम सांगतो, कारण ती डब्यात हमखास सापडते. कंबरेसाठी टिझॅनिडिन आणि जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन. ही दोन कधीही एकत्र घ्यायची नाहीत. सिप्रोमुळे टिझॅनिडिन अंगात साठत जातं, प्रेशर एकदम खाली येतं आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

पिण्याचं काय?

यावर लिहिलं नाही तर लेख अर्धाच राहील. जेटीला लागलं, हिशोब झाला, मग थोडी फेणी, आणि झोपताना अंग दुखतं म्हणून गोळी. पॅरासिटामॉल आणि रोजची दारू लिव्हरवर बसते. सुजेची गोळी आणि दारू पोटावर बसते. ट्रॅमाडॉल किंवा स्नायूंची गोळी आणि दारू श्वासावर बसते. यातलं शेवटचं त्याच रात्री जीव घेऊ शकतं. ज्या दिवशी गोळी त्या दिवशी पेला नाही, एवढं जरी प्रत्येक बोटीने पाळलं तरी पुष्कळ झालं.

ताप असेल तेव्हा

मोसम सुरू होतो तो पावसातच. जेटीवर साचलेलं पाणी, टायर, ड्रम, त्यामुळे डेंग्यूचे दिवस हेच. डेंग्यूत अंग आणि हाडं इतकी दुखतात की माणूस हात लागेल ती गोळी घेतो. पण डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. अशा वेळी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. ताप कसला हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी.

काही दुखण्यांना गोळी नंतर, उपाय आधी

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जी आग होते ती गोळ्यांनी लवकर थांबत नाही, आणि माणूस एकामागून एक गोळ्या घेत जातो. हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा. पाणी आधी दुसऱ्याने, न दुखणाऱ्या हाताने बघावं, नाहीतर भाजतं. बहुतेकांची आग त्यानेच उतरते. पोटात किंवा छातीत काटा लागला, काटा आत मोडला किंवा रक्त थांबत नसेल तर खोल गेलेला काटा उपटू नका, सरळ किनारा गाठा. उतरल्यावर धनुर्वाताची सुई घ्यायची. नव्याने लचकलेल्या जागी पहिले दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून. तो तर आपल्याकडे भरपूर असतो.

घरच्या मंडळींसाठी

बाजारात दिवसभर पाटीसमोर बसणाऱ्या आमच्या बहिणी आणि काकी गुडघ्यासाठी महिनोन्‌महिने गोळी घेतात. बरोबर प्रेशरची, शुगरची, कधी ॲस्पिरिन. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि डॉक्टरसमोर मांडा. "या एकत्र चालतात का?" एवढंच विचारा. डॉक्टर दोन असतील तर एकाने दिलेलं दुसऱ्याला दाखवा.

गुडघेदुखीवर कुणी नाव नसलेल्या पुड्या किंवा काळ्या गोळ्या देत असेल आणि एका दिवसात चमत्कार होत असेल, तर आत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्यावर सुजेची गोळी घेतली तर पोटात जखम होण्याचा धोका कितीतरी वाढतो. आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद केली तरीही त्रास होतो, म्हणून डॉक्टरला दाखवूनच सोडा.

गरोदर बाईने पाचव्या महिन्यापासून पुढे डॉक्टरने सांगितल्याशिवाय सुजेची गोळी घेऊ नये. दम्याच्या काही रोग्यांना ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेनने दमा उठतो. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका, त्यांचा डोस वजनावर असतो. मुलांना ॲस्पिरिन नको. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे.

कधी बोट वळवायची

काळी डांबरासारखी शी, किंवा रक्ताची, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. लघवी जवळजवळ बंद. चेहरा, ओठ सुजणे, अंगावर गांधी उठून दम लागणे. डोळे पिवळे. हाक मारली तरी नीट जाग न येणे. छातीत दाब. यातलं एकही दिसलं तर पुढची गोळी बंद. व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनेलवर सांगा, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. जेटीवर १०८ आधीच बोलावून ठेवा. गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या सुद्धा, माणसाबरोबर दवाखान्यात पाठवा. काय खाल्लं ते कळलं की डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो.

एक फेरी अर्ध्यावर सोडली की डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च अंगावर पडतो. हे आम्हाला माहीत आहे, हिशोबाच्या वह्या आमच्याकडेच असतात. वाटा जाईल म्हणून खलाशी दुखणं लपवतो, आणि "गोळी घे आणि चल" असं तांडेलही म्हणून जातो, हेही जेटीवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण किडनी कायमची गेली तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. मग त्या माणसाची एक फेरी नाही, सगळा दर्याच गेला. बोटमालकांनी मोसम सुरू होण्याआधीच सगळ्यांसमोर सांगून टाकावं की आजारी पडला म्हणून त्या फेरीचा वाटा कापला जाणार नाही. हे एक वाक्य डब्यातल्या सगळ्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

१ ऑगस्टच्या आधी एवढं करा

जुना डबा रिकामा करा. नाव किंवा तारीख नसलेलं सगळं टाकून द्या, पण खाडीत नको.

फार्मसीत पट्टी कापून घेऊ नका. कापावीच लागली तर पूर्ण पट्टीचा दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा.

डब्यात पॅरासिटामॉल एकाच ताकदीचं ठेवा, ५०० किंवा ६५०, दोन्ही नको. सुजेची गोळी एकाच प्रकारची ठेवा. डब्यात दुसरी नसेल तर चुकून एकत्र घेतलीही जाणार नाही. ओआरएसची पाकिटं मात्र भरपूर ठेवा.

डबा घट्ट झाकणाचा घ्या. तो इंजिन रूमजवळ नको आणि उन्हात नको.

डब्यात एक वही आणि पेन ठेवा. तारीख, वेळ, कुणी, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम. गोळी तांडेलच्या हातून जावी आणि लगेच लिहिली जावी. देण्याआधी चार प्रश्न : आज आधी काय घेतलंस? रोजची गोळी कुठली चालू आहे? जेवलास का, पाणी प्यायलास का? दारू घेतलीस का?

ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले खलाशी मराठी वाचत नाहीत. त्यांना हे हिंदीत सांगणारा एक जण प्रत्येक बोटीवर असतोच. त्याच्याकडून सगळ्यांना बसवून एकदा सांगा. प्रेशर-शुगरची गोळी कुणाकुणाला चालू आहे ते त्याच वेळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

सुजेच्या गोळ्यांच्या नावांचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. कागदपत्रांसाठी याल तेव्हा बोटीमागे एक घेऊन जा आणि झाकणाला आतून चिकटवा. त्यात नसलेली गोळी तुमच्या डब्यात असेल तर पट्टी घेऊन या, ती कुठल्या जातीची ते फार्मसिस्टला विचारून तक्त्यात वाढवू.

हा लेख आपल्या बोटीच्या ग्रुपवर टाका, घरी वाचून दाखवा. मोसम सगळ्यांना चांगला जावो, आणि गेलेली प्रत्येक बोट पूर्ण माणसांनिशी जेटीला लागो.

आपल्या सोसायटीच्या वतीने,
सचिव